नाव नसलेल्या पुड्या

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

निकेत गेला. विमान दुपारचं, पण पठ्ठ्याने सकाळी सातपासून घर डोक्यावर घेतलं होतं. गणपतीसाठी दहा दिवस आला, त्यातले चार मित्रांना दिले. असू दे. त्याची बायको आरोही आली नाही. तिचा पाचवा महिना सरत आलाय, तिकडच्या डॉक्टरणीने एवढा प्रवास नको म्हटलं.

बॅगेत माझी तीन किलो औषधं गेली. निकेत कुरकुरत होता, "आई, तिकडेही मेडिकल असतात गं." असतील. परक्या मुलखात अडीअडचणीला कोण कोणाला विचारतं? गोडदेवच्या दवाखान्यात बावीस वर्षं मी डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली पुड्या बांधल्या. पिवळी सकाळ-संध्याकाळ, पांढरी झोपताना, लाल पोटात आग पडली तर. एका पेशंटने कधी नाव विचारलं नाही आणि सगळे बरे होऊन गेले. अर्धी डॉक्टर म्हणायचे मला गल्लीत.

नाक्यावरचा मेडिकलवाला चंदन म्हणत होता, "काकी, पूरा पाकीट घेऊन जाऊ दे ना. वर नाव असतं, तारीख असते." खोकी जागा खातात. मी सगळी खोकी फेकली, गोळ्यांचे पत्ते कात्रीने कापले आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदात व्यवस्थित पुड्या केल्या. वर पेनाने लिहिलं: सर्दी. ताप. पोट. पित्त. अंगदुखी. उरलेलं डब्यात ठेवलंय. बाम आणि इसबगोल वेगळं दिलं.

आरोहीसाठीच हे सगळं. विरारची पोर, बी.कॉम. झालेली, चांगली आहे पण भित्री. इथे होती तेव्हा "चहा ठेवू का आई" एवढं विचारायलासुद्धा दारात उभी राहायची. दोन वर्षं पोर्तुगालमधल्या ब्रागा नावाच्या गावात कशी काढली तिने, देव जाणे.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

आरोहीला सर्दी. मी म्हटलं, सर्दीची पुडी काढ. ती म्हणाली, "आई, पोटुशीला चालेल की नाही माहीत नव्हतं, म्हणून फार्मसीत गेले. त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला. समुद्राचं पाणी आहे नुसतं."

समुद्राचं पाणी. बाटलीत भरून. मला हसू आवरेना. ग्रेसी मासे घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं. ग्रेसी उत्तनची कोळीण, वीस वर्षं माझ्या दारात पाटी उतरवते, मैत्रीणच आता. ती म्हणाली, "आमचे दारान येवढा पानी हाय, बाटल्या भर नि पाठव तिला." दोघी पोट धरून हसलो.

पण एक मानलं पाहिजे. पोरगी एकटी गेली, नंबराची चिठ्ठी घेतली, आपली पाळी येईपर्यंत उभी राहिली आणि त्यांच्या भाषेत बोलली. निकेतला अजून धड येत नाही ती भाषा.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, पाय दुखतायत.

आरोहीने आज मोठा मेसेज पाठवला. विरारची तिची मैत्रीण पुढच्या महिन्यात तिकडे राहायला जातेय, तिच्यासाठी लिहिलेला. तोच मलाही धाडला, "आई, तुम्हाला गंमत वाटेल." तिथल्या फार्मसीत काय काय मिळतं आणि कशाचा उपयोग होतो, असं सगळं. दोनदा वाचला. इथे उतरवून ठेवते, पोरीने अक्कल लावून लिहिलंय.

हिरवा क्रॉस पेटलेला दिसला की दुकान उघडं. मिठाच्या पाण्याच्या बोटाएवढ्या बंद कुप्या मिळतात. डोळ्यात कचरा गेला, जखम धुवायची झाली, बाळाचं नाक चोंदलं, सगळ्याला तीच कुपी. एकदा उघडली की उरलेलं फेकायचं. थंडीत ओठ आणि टाचा फुटतात, त्याला जाडसर मलम, वासाचं घ्यायचं नाही. उभं राहून काम असेल तर पोटरीचे घट्ट मोजे, ते पाय मापून देतात. थर्मामीटर पहिल्याच आठवड्यात घ्यायचं, ताप आल्यावर शोधत फिरायचं नाही. जंतूंवरची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, भांडू नये. आणि शेवटी लिहिलंय: "आपल्याकडच्या गोळीचं कंपनीने ठेवलेलं नाव तिथे कोणी ओळखत नाही. पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वहीत लिहून ने. सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे काउंटरपलीकडची माणसं. न लाजता विचार."

न लाजता विचार म्हणे. हे आमच्या आरोहीने लिहिलं. मी शेजारच्या दोघींना वाचून दाखवलं.


रविवार, १६ नोव्हेंबर

फोनवरच डोहाळजेवण केलं. मी इथून ओवाळलं, निकेतने तिकडे तिच्या केसांत फुलं माळली, तीही वाकडी. आठवा चालू. तोंड चांगलं भरलंय पोरीचं. अंगठी निघत नव्हती म्हणून साबण लावून काढली म्हणाली. पायही सुजलेत. मी म्हटलं, पाणी धरतं अंगात, निकेतच्या वेळी मला महिनाभर चपला चढत नव्हत्या. बाळ गुटगुटीत होणार.

फार्मसीतल्या बाईंची ओळख करून दिली, म्हणजे फोटो दाखवला. लुर्देस नाव. पांढरा कोट, पिकलेले आखूड केस, चष्मा दोरीला. तिथे औषधवालीलासुद्धा डॉक्टर म्हणतात. आरोही तिच्याबद्दल बोलते तेव्हा आवाजच वेगळा लागतो. "त्या आधी ऐकून घेतात आई, मग बोलतात." आम्ही काय कान बंद करून बसतो?


गुरुवार, २७ नोव्हेंबर

आरोहीचं डोकं दुखतंय. तिकडे एका दुकानात दिवसभर हिशेब करते, डोळ्यांवर ताण. डॉक्टरणीची तारीख अकरा डिसेंबरला आहे.

ग्रेसीला सहज बोलले. तिने पाटी डोक्यावर घेतलेली परत खाली ठेवली. "पाय सुजलं, डोका दुखतं? सुगंधा, ह्ये बरा न्हाय. मेगनचा असाच झाला होता. डागतराला दाखव." मेगन तिची सून. मी म्हटलं, मेगनचं वेगळं, ती आधीपासूनच अशक्त. ग्रेसी पापलेट निवडताना माझ्याकडे बघत होती. उगाच घाबरवतात माणसं.


गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. पूजा मांडली आणि मनस्ताप झाला.

आरोहीचा आवाज मलूल होता. डोकं दुखायचं तीन दिवस थांबत नाहीये, मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. मी म्हटलं, जागरण. अंगदुखीची पुडी काढ, सकाळ-संध्याकाळ एक, दोन दिवसांत मोकळी होशील. तर म्हणते, "लुर्देसना विचारून घेऊ का?" माझं डोकं फिरलं. बोलले मग. बावीस वर्षं दवाखान्यात घालवलेल्या सासूपेक्षा परकी बाई खरी का? मी काय तुला विष पाठवलंय? तोंड सुटलं की सुटलं माझं, मला माहीत आहे. ती हळूच म्हणाली, "घेते आई."

संध्याकाळी मेसेज करून विचारलं, घेतलीस का. तिने नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.


शुक्रवार, ५ डिसेंबर

अक्षर वाकडं येतंय, तरी लिहिते.

दुपारी चारच्या सुमाराला व्हिडीओ कॉल आला. आरोही फार्मसीतच खुर्चीवर बसलेली, दंडाला पट्टा. मागे लुर्देसबाई उभ्या. आरोही म्हणाली, "आई, रागावू नका. बीपी एकशे अडुसष्ट आणि एकशे बारा आहे. ॲम्ब्युलन्स बोलावलीय. निकेत येतोय. यांना अंगदुखीच्या पुडीतल्या गोळीचं नाव हवंय. हॉस्पिटलवाले विचारणार."

मी म्हटलं, "पिवळी गं, तीच."

"पिवळी नाही आई. नाव."

मला नाव माहीत नव्हतं. हे इथे लिहायलाही लाज वाटते. बावीस वर्षं ती गोळी माझ्या हातून गेली, हजारांनी गेली असेल, आणि मला तिचा रंग माहीत होता. डब्यातला उरलेला तुकडा काढला तर त्यावर नुसती अर्धी अक्षरं, बाकीची मीच कात्रीने उडवलेली.

पायात चपला नव्हत्या. तशीच जिना उतरले, फोन हातात चालूच, नाक्यावर चंदनकडे. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांना बाजूला सारलं. चंदनने तो तुकडा घेतला, उजेडाकडे धरला, मागच्या कपाटातून एक पूर्ण पत्ता काढून त्याच्याशी ताडून बघितला. घाई केली नाही त्याने. मग फोनकडे बघून स्वच्छ म्हणाला, "डायक्लोफेनॅक, फिफ्टी मिलिग्रॅम." तिकडून लुर्देसबाईंनी तोच शब्द त्यांच्या उच्चारात परत म्हटला आणि लिहून घेतला. चंदनने पुन्हा एकदा मान हलवून हो म्हटलं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, पण त्या एका शब्दावर दोघांचं जमलं. मी मध्ये फोन धरून नुसती उभी.

बाईंनी आरोहीला काहीतरी विचारलं. आरोहीने एक बोट वर केलं. एक मिनिट थांबा म्हणत असावी. बाईंच्या चेहऱ्यावर राग नाही, घाबरणं नाही. एक हात आरोहीच्या खांद्यावर होता तो शेवटपर्यंत काढला नाही. मग निकेत धावत आला आणि फोन बंद झाला.

चंदनने विचारलं, "काकी, ही तुम्ही कोणासाठी दिली होती?" मी म्हटलं, घरासाठी. त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.


शनिवार, ६ डिसेंबर

मुलगी झाली. सहा आठवडे आधी. पोट फाडून काढली, एक किलो नऊशे. काचेच्या पेटीत आहे. आरोहीचं बीपी अजून खाली येत नाही. निकेत फोनवर रडला. लहानपणी पडला तरी रडायचा नाही तो.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं, अजून एक दिवस घरी राहिली असती तर झटके आले असते. दोघींपैकी कोण वाचलं असतं ते सांगता आलं नसतं.


सोमवार, ८ डिसेंबर

आरोही धोक्याबाहेर आहे. देवापुढे डोकं टेकवलं, मग उठून चंदनकडे गेले आणि म्हटलं, मला खरं सांग, लपवू नकोस.

त्याने सांगितलं. दुकान रिकामं होईपर्यंत थांबवलं आणि हळू आवाजात, एकेक गोष्ट. ही गोळी गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत देत नाहीत. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक नळी असते, ती वेळेआधी आवळू शकते. आईचं बीपी चढू शकतं. "डॉक्टरसाहेबांना हे माहीत होतं काकी. ते पेशंट बघून द्यायचे. तुम्ही फक्त पुडी बघितली."

एवढासा पोरगा, माझ्या डोळ्यांदेखत शाळेत गेलेला. त्याच्यासमोर मान वर होईना. पण तो टोचून बोलला नाही. उलट म्हणाला, "भाभीने दिमाग लगाया. सुजलेल्या पायांनी चालत गेली आणि विचारलं. हमारे यहां कोई पूछता नहीं."

खरं आहे. मी जिला भित्री म्हणत होते ती एवढं डोकं दुखत असताना, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना थंडीत उठून गेली, माझ्या शिव्या खाल्ल्यानंतरही गोळी तोंडात न टाकता आधी विचारायला गेली. ते धाडस माझ्यात नव्हतं कधी. डॉक्टरसाहेबांना मी बावीस वर्षांत एक प्रश्न विचारला नाही.


शनिवार, २० डिसेंबर

आरोही घरी आहे, रोज हॉस्पिटलात जाऊन बाळाला छातीशी धरून बसते. आज निकेत कामावर होता, ती एकटीच होती. मी मन घट्ट करून माफी मागितली. म्हटलं, बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस, ती गोळी घेतली असतीस तर मी तोंड दाखवू शकले नसते.

ती म्हणाली, "आई, मी एक घेतली होती."

गुरुवारी रात्री. मी मेसेज करून विचारलं म्हणून. "तुम्हाला खोटं हो म्हणवेना, आणि नाही म्हणायचीही हिंमत होईना. म्हणून घेतली. रात्री बाळ नेहमीएवढं हललं नाही. सकाळ होईपर्यंत मी मोजत होते. मग गेले."

डॉक्टरांना तिने तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी बाळाचं हृदय तीनदा तपासलं, चांगलं आहे, काही झालेलं नाही. पण निकेतला तिने सांगितलं की गोळी आपणच जुन्या सामानातली काढून घेतली, कोणाला न विचारता. पंधरा दिवस तो तिच्यावर चिडून आहे. शिकलेली असून असं कसं केलंस, म्हणतो. ती ऐकून घेते.

"का गं?" मी विचारलं.

"तुमचा तो एकुलता एक आहे," एवढंच म्हणाली.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले.


रविवार, २१ डिसेंबर

ग्रेसी आली. नाताळची गडबड, तरी तिला बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं, पोरगी शहाणी आहे, झाकलंय तर झाकलेलं राहू दे. तिने आपले ओले हात पदराला पुसले. म्हणाली, "सून तुझा वझा उचलते. बाळंतीण हाय ती. तुला दिसत न्हाय?"

दुपारी निकेतला फोन केला. सगळं सांगितलं. गोळी माझी, पुडी माझी, आग्रह माझा, मी आरोहीला काय काय बोलले ते सगळं शब्दाला शब्द. शेवटी तो "ठीक आहे" म्हणाला आणि फोन कट केला.


शनिवार, ३ जानेवारी २०२६

तेरा दिवस झाले. निकेतचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. सांगितलं त्याचा पश्चात्ताप नाही, पण घर खायला उठतं. दुपारी चार वाजले की हात आपोआप फोनकडे जातो.

आरोही मात्र रोज फोटो पाठवते. बाळ घरी आलंय. आज फार्मसीत वजनाला नेली होती, तिथे काउंटरच्या बाजूला बाळांचा काटा असतो, कोणीही यावं आणि वजन करावं. दोन किलो सहाशे. लुर्देसबाईंनी स्वतः कागदावर लिहून दिलं. खाली टाळू सुकू नये म्हणून काय लावायचं, नाक कसं साफ करायचं, तेही. लेकरासारखा जपून तो कागद आरोहीने फोटोत धरलाय. दोन महिन्यांपूर्वी मी त्या बाईचा हेवा करत होते. आता वाटतं, समोर असती तर पाया पडले असते, वयाने माझ्याएवढी असली तरी.

आरोहीला विचारलं, निकेत कसा आहे. "माझ्याशी नीट बोलतो आता," म्हणाली. मला तेवढं पुरे.


मंगळवार, ६ जानेवारी

आज दुपारी निकेतचा कॉल आला. उचलला तर कोणी बोलेना, नुसतं बाळाचं रडणं. पडद्यावर तिचं तांबडंलाल तोंड, मुठी आवळलेल्या. मागून निकेतचा आवाज, कोरडा: "तासभर रडतेय. काही केल्या थांबत नाही. बोल हिच्याशी."

चार-पाच घरगुती उपाय जिभेवर आले होते, बावीस वर्षांची सवय. एकही बोलले नाही. म्हटलं, "बाळा, मी सुगंधा, तुझी आजी. तुला आणि तुझ्या आईला माझ्यामुळे काही झालं असतं तर मी जगले नसते. मला काही कळत नाही गं, मला नुसतं कळल्यासारखं वाटत होतं. तू आपल्या आईचं ऐकत जा. माझं नको."

ती थांबली. म्हणजे माझ्यामुळेच असं नाही, दमली असेल. बाजूला आरोही हसली, रडत हसली. निकेत हसला नाही. पण त्याने फोन ठेवला नाही.